पाच वाजल्यानंतरची गोळी

१० मे २०२५, शनिवार. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओंनी, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांनी, भारताचे डीजीएमओ लेफ्टनंट जनरल राजीव घई यांना फोन केला. जमीन, हवा आणि समुद्र, तिन्हीकडची दोन्ही देशांची लष्करी कारवाई संध्याकाळी पाचपासून थांबवायची असं ठरलं. साडेपाचच्या सुमारास अमेरिकेच्या अध्यक्षांनी आपल्या मध्यस्थीने हे घडलं म्हणून जगाला कळवूनही टाकलं. सहाच्या सुमारास परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी अमेरिकेचं नावही न घेता दोन डीजीएमओंच्या संभाषणाची माहिती दिली. रात्री अकराच्या सुमारास तेच मिस्री पुन्हा कॅमेऱ्यासमोर होते: गेल्या काही तासांत उल्लंघन झालं आहे. पाकिस्तानचं म्हणणं, उल्लंघन भारताने केलं.

म्हणजे शस्त्रसंधी कोणी घडवली आणि कोणी मोडली, यावरचे दोन वाद तिच्या पहिल्या सहा तासांतच उभे राहिले. ती कधी संपणार, हा तिसरा वाद आठवडाभराने आला आणि तिला संपायची तारीखच नाही, असं लष्कराला १८ मे रोजी स्पष्ट करावं लागलं.

कोल्हापूरजवळच्या उचगावात अशी बातमी नुसती बातमी नसते. शेजारच्या टेंबलाई टेकडीवर प्रादेशिक सेनेची मराठा बटालियन आहे आणि करवीर तालुक्यातली कितीतरी पोरं मराठा लाइट इन्फंट्रीत आहेत. २०२० च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या तोंडावर, नियंत्रण रेषेवरच्या माऱ्यात आजऱ्याच्या बहिरेवाडीचा जवान गेला. आठवडाभराने राजौरीच्या नौशेरा भागात निगवे खालसाचा. निगवे उचगावच्याच तालुक्यातलं. दोन्ही वेळी ‘पाकिस्तानकडून शस्त्रसंधीचं उल्लंघन’ असं छापून आलं. गावाला त्या शब्दांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नाही. पण असं वाक्य तयार कसं होतं, हे पाहू लागलं की माणूस थक्क होतो.

त्याच २०२० सालात पाकिस्तानने ५,१३३ वेळा उल्लंघन केलं, असं सरकारने संसदेत सांगितलं. पाकिस्तानने भारतावर त्याच वर्षासाठी तीन हजारांहून जास्त उल्लंघनांचा आरोप ठेवला. वाचणाऱ्याला वाटतं, दोघांपैकी एक खोटं बोलतोय. तसं असेलच असं नाही. दोघेही फक्त समोरून येणारं मोजतात, आपल्याकडून जाणारं मोजत नाहीत. आकडे एकाच गोष्टीचे नाहीतच, मग ते एकमेकांना खोडणार कसे?

याहून चक्रावणारं पूर्व युक्रेनमध्ये दिसतं. तिथे ओएससीई या युरोपीय संघटनेचे निरीक्षक २०१४ पासून होते. एकट्या २०१७ मध्ये त्यांनी चार लाखांहून जास्त उल्लंघनं नोंदवली. मग युक्रेनची शस्त्रसंधी काश्मीरपेक्षा ऐंशी पट वाईट होती का? ते या आकड्यांवरून सांगताच येणार नाही. ते निरीक्षक प्रत्येक स्फोट, गोळ्यांची प्रत्येक फैर वेगळी धरत. आपल्याकडे एका चौकीवर रात्रभर उखळी तोफा धडाडल्या तरी ती एकच घटना धरली जाऊ शकते आणि कुठे चार गोळ्या सुटल्या तर तीही एकच. पेरूची रास एकाने नगावर मोजावी आणि दुसऱ्याने पाटीवर, तसा हा प्रकार. तरीही आपण ते आकडे शेजारी शेजारी ठेवून आलेख काढतो.

पण हेच निरीक्षक जमीन वाचत तेव्हा त्यांचं काम जादूसारखं वाटे. उखळीचा गोळा तिरका येऊन फुटतो, त्यामुळे त्याच्या तुकड्यांचा फवारा सगळीकडे सारखा उडत नाही. मातीवर दोन बाजूंना पंख पसरल्यासारख्या रेघा उमटतात. खड्ड्याची एक कड जास्त खणली जाते, कधी फ्यूजने पाडलेली अरुंद खाच सापडते. या खुणांमधून रेषा काढून होकायंत्र लावलं की गोळा कोणत्या दिशेने आला ते बऱ्यापैकी कळतं. रात्री अंधारात लखलखाट दिसला आणि नऊ सेकंदांनी आवाज आला, तर स्फोट साधारण तीन किलोमीटरवर. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, हे शाळेतलं गणित तिथे अहवालाचा पुरावा होत असे.

मात्र खड्डा दिशा सांगतो, वेळ सांगत नाही. हा गोळा पहिला होता की उत्तरादाखल आलेला, हे मातीत लिहिलेलं नसतं. आणि सगळं भांडण नेमकं तिथेच असतं. ‘विनाकारण गोळीबार’ आणि ‘चोख प्रत्युत्तर’ यांचे खड्डे सारखेच दिसतात.

काश्मीरमध्ये तर उल्लंघनाची सुरुवात गोळीच्याही आधी कुठे होते, हा प्रश्न आहे. १९४९ च्या १ जानेवारीला, मध्यरात्रीला एक मिनिट कमी असताना तिथली पहिली शस्त्रसंधी लागू झाली. २७ जुलै १९४९ च्या कराची कराराने रेषा आखली आणि दोन्ही सैन्यांनी रेषेपासून ५०० यार्ड दूर राहायचं, असंही ठरवलं. तक्रार आली की संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक तिथे जात आणि उल्लंघन झालं की नाही याचा निवाडा देत. १९७१ च्या युद्धानंतर, सिमला करारापाठोपाठ, नवी नियंत्रण रेषा आली. भारताच्या मते त्या निरीक्षकांचं काम तिथेच संपलं आणि १९७२ पासून भारताने त्यांच्याकडे एकही तक्रार नेलेली नाही. पाकिस्तान मात्र अजून नेतो.

आता त्या रेषेजवळ कोणी बंकर बांधायला घेतला, तर समोरचा म्हणतो, हेच उल्लंघन. तो बांधकामावर गोळी झाडतो. मग पहिला म्हणतो, बघा, उल्लंघन! नियंत्रण रेषेवरच्या गोळीबाराचा मोठा अभ्यास करणारे हॅप्पीमन जेकब यांनी ‘लाइन ऑन फायर’ या २०१८ च्या पुस्तकात हेच दाखवलं की, अनेक चकमकींची मुळं दिल्ली-इस्लामाबादेत नसून अशा स्थानिक बांधकामांत, चौकीवरच्या खुन्नशीत असतात. मला हे पटतं. वर्तमानपत्रात मात्र यातली फक्त शेवटची पायरी पोचते, कारण आवाज तिचाच होतो.

मग निरीक्षक तटस्थ असले, जागेवर असले, सगळं डोळ्यांनी पाहत असले, तर तरी एकमत होईल? याचं उत्तर एका कोल्हापूरकराच्या आयुष्यात आहे आणि आपल्याकडे ते फारसं सांगितलं जात नाही याची मला खंत वाटते.

२७ जुलै १९५३ ला सकाळी दहा वाजता पानमुनजोममध्ये कोरियाच्या युद्धविरामावर सह्या झाल्या आणि रात्री दहाला तोफा थांबल्या. मधले बारा तास युद्ध रीतसर चालूच होतं. खरा गुंता होता कैद्यांचा. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडे असलेले बावीस हजारांहून जास्त चिनी आणि उत्तर कोरियन कैदी मायदेशी जायला तयार नव्हते. उलट बाजूकडे असे साडेतीनशेच्या आसपास होते. त्यांना खरोखरच जायचं नव्हतं, की कोणी दमदाटी करून तसं वदवून घेत होतं? हे ठरवायला पाच तटस्थ देशांचा आयोग नेमला: भारत, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया. अध्यक्ष जनरल थिमय्या. कैद्यांचा ताबा पाच हजारांहून जास्त भारतीय सैनिकांकडे आणि त्यांचे सेनापती कोल्हापूरचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू द्यायला नकार दिला. तेव्हा अमेरिकन हेलिकॉप्टरांनी इंचॉनजवळच्या जहाजांवरून त्यांना उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. तिथे ‘हिंद नगर’ वसलं. एकदा कैद्यांनी एका भारतीय मेजरला छावणीत ओढून नेलं. थोरात नि:शस्त्र आत गेले, खवळलेल्या जमावाशी बोलत बसले आणि अधिकाऱ्याला सोडवून बाहेर आले. पुढे त्यांना मिळालेलं अशोक चक्र, वर्ग दोन, म्हणजे आजचं कीर्ती चक्र, कोरियातल्या याच कामगिरीचं.

कैद्यांना त्यांच्या देशाच्या प्रतिनिधींनी समजावून सांगण्यासाठी ९० दिवस ठेवले होते. प्रत्यक्षात जेमतेम दहा दिवस ते काम झालं. कैदी तंबूत यायला नकार देत, आले तर घोषणा देत. पाचही देशांचे लोक त्याच तंबूत, त्याच बाकांवर बसून हे पाहत होते. डिसेंबरात अहवाल लिहायची वेळ आली आणि अहवाल दोन झाले. भारत, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाने लिहिलं की छावणीतल्या म्होरक्यांच्या जाचामुळे कैद्यांना मोकळेपणी ठरवताच येत नव्हतं. स्वीडन आणि स्वित्झर्लंडने ते तसं मानलं नाही आणि आपला वेगळा अहवाल दिला. पाच तटस्थांपैकी कोणी डोळे मिटून बसलं नव्हतं. पण एखाद्याने ‘मला जायचं नाही’ म्हटल्यावर त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला किती महत्त्व द्यायचं, हे तंबूत दिसत नव्हतं. ते प्रत्येकाने स्वतःच ठरवलं.

जानेवारी १९५४ मध्ये भारताने कैदी ज्यांच्याकडून घेतले होते त्यांच्याकडे परत केले आणि सोबत लिहून दिलं की त्यांना परस्पर मुक्त नागरिक ठरवणं कराराला धरून होणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सेनापतींनी २३ जानेवारीला नेमकं तेच ठरवलं. चीन आणि उत्तर कोरियाने याला कराराचा भंग म्हटलं. चौदा हजारांवर चिनी कैदी जहाजांतून तैवानला गेले. तिथे २३ जानेवारी पुढे कित्येक वर्षं ‘स्वातंत्र्य दिन’ म्हणून साजरा होत राहिला.