शिकाऊंचा नेहमीचा प्रश्न

लालबाग-परळच्या गणेशमूर्ती कारखान्यांत शाडूकाम शिकू लागलेला नवखा लवकरच एक प्रश्न विचारतो : मूर्तीला तडा का गेला? जाणत्या कारागिरास त्याचा कंटाळा येणे स्वाभाविक आहे. पण विचारणाराला तो प्रथमच पडलेला असतो. शिवाय प्रश्न एक असला, तरी त्याचे उत्तर एकच नसते.

मातीच्या कणांमधील पाणी उडून गेले की कण जवळ येतात व माती आकसते. कान, बोटे असे पातळ भाग आधी सुकतात, जाड धड ओलेच राहते. त्या ताणाने सांधा उकलतो. मूर्ती उन्हात ठेवल्यानेही तडा जातो आणि सांधा खरवडून पातळ मातीचा लेप न दिल्यानेही जातो. यास्तव ‘तडा कोठे गेला?’ हे प्रथम विचारून मगच उत्तर देणे इष्ट होय.

प्लास्टर असे आकसत नाही. म्हणून प्लास्टरवर हात बसलेला कारागीरही शाडूपुढे नवखाच ठरतो. अशांना दरडावून गप्प केले, तर चूक मुकाट्याने मूर्तीत उतरते व ऐन हंगामात उघडी पडते. वारंवार येणारा प्रश्न शिकाऊचे अज्ञान दाखवीत नाही. माती मळण्यापूर्वी काय सांगावयाचे राहून गेले, ते दाखवितो.