दोन शेजारी विद्यापीठें आणि एक जुना प्रश्न

अमेरिकेच्या वायव्य भागांत पलूस नांवाचा गव्हाच्या शेतांनीं व्यापलेला टेकड्यांचा प्रदेश आहे. तेथें सुमारें ८ मैलांच्या अंतरावर पुलमन व मॉस्को हीं दोन लहान शहरें असून त्यांच्यामधून दोन राज्यांची सीमा जाते. मॉस्को येथील आयडाहो विद्यापीठ १८८९ सालीं, तर पुलमन येथील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ १८९० सालीं स्थापन झालें. शेतकी व यंत्रविद्या यांच्या शिक्षणास जमिनींचें साह्य देणाऱ्या १८६२ च्या कायद्याच्या परंपरेंतील या दोन्ही संस्था होत.

अशा ठिकाणीं तत्त्वज्ञांचा मेळा जमावा, याचें श्रोत्यांस नवल वाटेल. परंतु या शेजाऱ्यांनीं मिळून 'इनलँड नॉर्थवेस्ट फिलॉसॉफी कॉन्फरन्स' ही वार्षिक परिषद अनेक वर्षें चालविली. तिचें वैशिष्ट्य असें कीं, प्रत्येक परिषदेस एकच विषय नेमलेला असे. पुढें निवडक निबंधांचे ग्रंथ निघत. २००४ सालचा ग्रंथ स्वातंत्र्य व नियतत्व यांवर, २००५ चा कायदा व सामाजिक न्याय यांवर आहे.

यांपैकीं पहिलाच विषय घेऊं. प्रत्येक घटनेस पूर्वकारण असेल, तर मनुष्याची करणीही त्या साखळींतील एक दुवाच ठरते. मग चोरास दोष कोणत्या न्यायानें द्यावयाचा? एक पक्ष म्हणतो, बळजबरीवांचून स्वेच्छेनें केलेलें कृत्य स्वतंत्रच होय; त्या इच्छेस कारण असलें म्हणून बिघडत नाहीं. दुसरा विचारतो, इच्छाच आधीं ठरलेली असेल, तर स्वातंत्र्य उरलें कोठें? तिसरा म्हणतो, स्वातंत्र्य खरें आहे, म्हणूनच सर्व कांहीं पूर्वनियत असणें शक्य नाहीं. दैव थोर कीं पुरुषकार, हा आपल्याकडील वाद याचाच सख्खा शेजारी आहे.

हें सर्व ग्रंथांत वाचतां येत असतां परिषद कशाला? ग्रंथांतील प्रतिपक्षी मुका असतो. लेखक त्याला हवा तितका दुबळा करूं शकतो. सभेंत तो समोर बसलेला असतो व आपली बाजू आपणच मांडतो. आपल्या शास्त्रकारांनीं खंडनापूर्वीं पूर्वपक्ष मांडण्याची शिस्त घातली, ती याच हेतूनें. विषय एकच असल्यानें कोणासही आडवाटेनें निसटतां येत नाहीं.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. न्यायासनावर शिक्षा सुनावणाऱ्यास, वर्गांत छडी उगारणाऱ्यास, घरांत मुलावर रागावणाऱ्या बापासही त्याचें उत्तर कळत नकळत गृहीत धरावेंच लागतें. तें गृहीत एकदां तपासून पाहावें, इतकेंच तत्त्वज्ञान आपणांपाशीं मागतें.