झोपलेला काटा आणि चिपमधले ठोके

हैदराबादच्या बेगम बाजारातल्या एका मसाल्याच्या गोदामात बसवलेला इलेक्ट्रॉनिक काटा रोज दुपारी एकदा तरी अडे. सकाळी पोत्यामागून पोते चढत असताना तो बिनचूक चाले. जेवणाची सुट्टी संपून पहिले पोते ठेवले आणि ‘वजन’चे बटण दाबले, की पडद्यावर जुनाच आकडा गोठून राही. मिनिटभराने काटा आपोआप पुन्हा सुरू होई, पण त्या पोत्याची चिठ्ठी निघत नसे, आणि तोवर हमालाने ते उचलून थप्पीला लावलेले असे. या गोदामात हमाली चिठ्ठ्या मोजून दिली जाते. म्हणजे रोज एखाद-दोन पोती हमालांच्या पाठीवरून जात आणि हिशेबात येत नसत.

ज्या लहानशा कारखान्याने हा काटा जुळवला, त्यांच्यासाठी त्यातली आज्ञावली मी लिहिली होती. म्हणून तक्रार माझ्याकडे आली. मुनीमजी नांदेडकडचे. फोनवर म्हणाले, “साहेब, ही माणसं पोतं आपटतात हो. त्यानंच बिघडतोय.” मलाही ते पटले, हे कबूल केले पाहिजे. प्रत्यक्ष गोदामात गेलो तेव्हा उदगीरकडचे एक वयस्क हमाल मला म्हणाले, “आपटून बिघडत असता तर सकाळीच बिघडला असता की साहेब. झोपला की मरतोय त्यो.” निदान तिथेच झाले होते. मला ते समजायला आठ दिवस लागले.

असा काटा म्हणजे आतून एक छोटा संगणकच असतो. पोत्याच्या भाराने धातूचा एक तुकडा किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेल्या पट्ट्यांचा विद्युतरोध बदलतो, आणि एक चिप त्या बदलाचा आकडा करून प्रोसेसरकडे पाठवते. प्रोसेसरवर लिनक्स चालते. लिनक्सचा जो मध्यवर्ती भाग, त्याला कर्नल म्हणतात. आणि कर्नलमधला जो तुकडा एखाद्या विशिष्ट भागाशी बोलतो, वजनाच्या चिपशी किंवा छपाईयंत्राशी, तो ड्रायव्हर. माझी चूक वजनाच्या ड्रायव्हरमध्ये होती.

आता ‘क्लॉक’. हा शब्द मराठीत आणताना मी एक घोटाळा केला. पहिल्या तपासणीनंतर मुनीमजींना सांगितले, “आतलं घड्याळ बंद पडतंय असं वाटतं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी तारीख-वेळ राखणारा बटणासारखा सेल बदलून घेतला आणि बिल माझ्याकडे पाठवले. त्यांचे काहीच चुकले नव्हते. घड्याळ म्हणजे वेळ सांगणारी वस्तू. बाजारापासून जवळच, १९३५ साली बांधलेल्या मोअज्जमजाही मार्केटच्या मनोऱ्यावर आहे तशी. चिपमधला क्लॉक वेळ सांगत नाही. तो नुसता ठोके देतो, आणि प्रत्येक ठोक्याला चिपचा तो तो भाग एक पाऊल पुढे टाकतो. ठोके थांबले की तो भाग जिथल्या तिथे उभा राहतो. म्हणून मी पुढे ‘ठोका’ हाच शब्द धरला. काळजाचाही ठोका असतोच. याच शहरात १९१७ साली उस्मानिया विद्यापीठाच्या तयारीसाठी दारुल तर्जुमा म्हणजे भाषांतर विभाग स्थापन झाला होता, आणि तिथे विज्ञानातल्या शब्दांसाठी उर्दू प्रतिशब्द ठरवले जात. एका चुकीच्या शब्दापायी सेलचा खर्च करून बसल्यावर त्या मंडळींविषयीचा माझा आदर वाढला.

ठोके येतात क्वार्ट्झच्या स्फटिकातून. मनगटी घड्याळात तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की नेमका एक उरतो, म्हणजे एक सेकंद. आमच्या काट्यातला मुख्य स्फटिक सेकंदाला २ कोटी ४० लाख ठोके देतो. ते वाढवून, विभागून, झाडाच्या फांद्यांसारखे चिपच्या निरनिराळ्या भागांना पोचवले जातात. प्रत्येक फांदीवर एक झडप असते. ठोक्यागणिक वीज खर्च होते, त्यामुळे ज्या भागाला काम नाही त्याची झडप बंद करणे हा वीज वाचवण्याचा सोपा उपाय. गोदामातला काटा बॅटरीवर चालतो, इकडून तिकडे ढकलत नेला जातो. तिथे ही बचत चैनीची गोष्ट नाही.

एकाच फांदीवर अनेक भाग अवलंबून असले तर झडप केव्हा बंद करायची? लिनक्स त्यासाठी मोजणी ठेवते. काम नसलेल्या भागाला चालू यंत्रातच झोपवण्याची व्यवस्था कर्नलमध्ये २००९ साली आली, आणि सगळ्या चिपांसाठी ठोक्यांची एकच सामाईक चौकट २०१२ साली. दोन्हींच्या मुळाशी मोजणीच आहे. गोदामाच्या बोळात एकच दिवा आहे असे समजा. आत येणाऱ्याने पाटीवर एक वाढवायचा, जाणाऱ्याने एक कमी करायचा, शून्य झाले की दिवा बंद. एखादा माणूस पाटीवर नोंद न करता दुसऱ्यांच्या उजेडात काम करत बसला, तर दिवसभर त्याचे काही अडत नाही. शेवटचा नोंदलेला माणूस बाहेर पडला की मात्र तो अंधारात सापडतो.

माझा ड्रायव्हर असा उधारीच्या उजेडात बसला होता. वजनाच्या चिपशी बोलणाऱ्या भागाला दोन प्रकारचे ठोके लागतात. एक त्याच्या स्वतःच्या कामाचे, आणि दुसरे प्रोसेसरशी जोडणाऱ्या वाटेचे, जिला बस म्हणतात. मी पहिले मागितले होते, दुसरे नाही. बसची ती फांदी चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या ड्रायव्हरनेही मागितलेली होती, म्हणून ती उघडी राही. दोन मिनिटे काम नसले की वजनाचा भाग झोपे. छपाईचा भाग पाच मिनिटांनी. चहाची सुट्टी तीन-चार मिनिटांची, त्यामुळे चहानंतर काटा कधी अडला नाही. जेवण अर्ध्या तासाचे. छपाईयंत्र झोपले, मोजणी शून्यावर आली, झडप बंद झाली. मग बटण दाबताच प्रोसेसरने वजनाच्या भागाला प्रश्न विचारला, आणि ठोकेच नसल्यामुळे उत्तर देणारे कोणी नव्हते. प्रोसेसर उत्तराची वाट पाहत तसाच उभा. गोठलेल्या यंत्राला पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग नावाचा पहारेकरी मिनिटभराने जागा होई.

मग हे सापडायला आठ दिवस का लागले? कारण माझ्या टेबलावर काटा कधीच अडत नव्हता. आत काय चालले आहे हे पाहण्यासाठी मी त्याला एक केबल लावून लॅपटॉपवर नोंदी वाचत असे. त्या केबलच्या जोडणीचा ड्रायव्हरही बसची तीच फांदी मागत होता. मी पाहत होतो तोवर पाटीवर माझा एक होता. सहाव्या दिवशी गोदामातच बसलो होतो. जेवायला उठताना लॅपटॉप सोबत न्यावा म्हणून केबल काढली, आणि परत आलो तो पहिल्याच पोत्याला काटा मेला.

त्यानंतरचे काम सरळ होते. कर्नलला सांगितले, की नोंदी केबलवर न पाठवता स्मृतीच्या अशा कोपऱ्यात ठेव, जो यंत्र पुन्हा सुरू झाल्यावरही पुसला जात नाही. शेवटची नोंद वजनाच्या भागाला विचारलेल्या प्रश्नाचीच निघाली. मग ठोक्यांची यादी काढली. कोणती फांदी किती जणांनी मागितली आहे ते कर्नल दाखवू शकते. काटा वजन करत असताना, केबल लावलेली आणि छपाई चालू असताना, बसच्या फांदीपुढे तीन हा आकडा हवा होता. तिथे दोन होता.

मधल्या काळात मी आणखी एक चूक केली होती, तीही सांगतो. काटा झोपल्यावर मरतो ना, मग झोपूच द्यायचा नाही, म्हणून मी झोपेची सगळी व्यवस्थाच बंद केली. अडणे थांबले, पण बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकेना. चालणाऱ्या यंत्रावर असा उपाय करून मोकळे होण्याचा मोह मोठा असतो. पुष्कळ यंत्रे अशीच विकलीही जात असतील.

खरी दुरुस्ती मोजक्या ओळींची. यंत्राच्या वर्णनाच्या फाईलमध्ये दोन्ही ठोक्यांची नावे लिहिली. ड्रायव्हरने जागे होताना आधी बसचे, मग स्वतःचे ठोके मागायचे, झोपताना उलट क्रमाने सोडायचे. आणि जागे करण्याची विनंती फसली, तर प्रश्न न विचारता पडद्यावर तसे दाखवायचे. मग केबल न लावता काटा जेवणाच्या सुट्टीत तसाच ठेवला, पाच दिवस.

मागच्या आठवड्यांची बुडालेली पोती चिठ्ठ्यांत सापडणार नव्हती. मी मुनीमजींना काय झाले होते ते सांगितले, या वेळी घड्याळ हा शब्द न वापरता. ते काही बोलले नाहीत. आवकवही काढली, चिठ्ठ्यांचे गठ्ठे शेजारी ठेवले, आणि त्या हमालांना हाक मारली, “मामा, या इकडं. बसा. तारीख लावून बघू.”