फाडण्याआधी वाचणारा माणूस

कोलकात्यात एस्प्लनेडला मेट्रोतून वर आलं की बसगाड्या, फेरीवाले आणि गर्दी यांच्या मधोमध साहेबाच्या काळातल्या इमारती उभ्या दिसतात. एस्प्लनेड ईस्टवरच्या परराष्ट्र व लष्कर सचिवालयाच्या इमारतीत १९२३ साली इंपीरियल लायब्ररी आली. तीच आजचं राष्ट्रीय ग्रंथालय. १९४८ मध्ये ती बेल्व्हेडिअरला गेली. हा सारा परिसरच कागदांचा. राजधानी इथे होती, तेव्हा देशभरातले खलिते, अहवाल, तक्रारअर्ज इथल्या कचेऱ्यांत येऊन साचत.

१८५७ च्या उठावानंतर सरकारच्या तिजोरीची ओढाताण होऊ लागली. काटकसरीचे मार्ग शोधणाऱ्या सिव्हिल फायनान्स कमिशनने १८६० मध्ये दप्तरांच्या ढिगाकडे बोट दाखवलं: नित्याचे कागद नष्ट करा आणि मोलाचे तेवढे एका जागी आणा. १८६१ मध्ये त्यासाठी रेकॉर्ड कमिटी नेमली गेली.

म्हणजे आपल्या राष्ट्रीय अभिलेखागाराची पाळंमुळं रद्दी काढण्यात आहेत. पण काय फाडायचं हे ठरवायला आधी कागद उलगडावा लागतो, आणि उलगडला की त्याची किंमत कळू लागते. ११ मार्च १८९१ रोजी कोलकात्यातच इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट, म्हणजे आजच्या अभिलेखागाराचं पूर्वरूप, सुरू झालं. त्याचे पहिले प्रमुख जी. डब्ल्यू. फॉरेस्ट मुंबईहून आले होते. मुंबई सचिवालयातले मराठ्यांविषयीचे निवडक कागद त्यांनी १८८५ मध्येच छापले होते. पुढे राजधानीमागोमाग हे दप्तर दिल्लीला गेलं. १९३९ मध्ये त्याची सूत्रं सुरेंद्रनाथ सेन यांच्या हाती आली. सेन बंगाली, कोलकाता विद्यापीठातले. पण मराठी शिकून मराठ्यांच्या राज्यकारभारावर ग्रंथ लिहिणारे.

१९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने तर एक रेषाच आखली. १८९२ पूर्वीचा सरकारी कागद अगदी निकामी झालेला असल्याखेरीज नष्ट करता येत नाही. त्यानंतरचे कागदही तपासून, ठरलेल्या पद्धतीनेच निकालात काढायचे असतात.

घरच्या कागदांना असा कायदा नाही. तिथे वाचणारा माणूस असावा लागतो. वि. का. राजवाडे गावोगाव वाडे आणि माळे धुंडाळत हिंडले, म्हणून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड निघू शकले. पुण्याच्या सरकारी पेशवे दप्तरालाही असा वाचणारा लागलाच: तिथले कागदांचे रुमाल सोडून गो. स. सरदेसाईंनी १९३० नंतरच्या चारेक वर्षांत ४५ खंड सिद्ध केले. त्या कामात त्यांच्या पाठीशी होते बंगालचे जदुनाथ सरकार. ही माणसं नसती, तर पानिपताविषयी आज जे ठामपणे सांगता येतं त्यातलं बरंचसं हरवलं असतं.

हा विषय केवळ इतिहासकारांचा नाही. मराठा आरक्षणाच्या प्रश्नात कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि महाराष्ट्रभर मोडी लिपी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेल्या नोंदवह्यांतली एखादी ओळ कितीतरी घरांना अचानक मोलाची झाली.

म्हणून काय सगळंच जपायचं? मुळीच नाही. विजेची जुनी बिलं, मुदत संपलेली हमीपत्रं, निकाली निघालेल्या भाऊबंदकीच्या नोटिशींच्या जादा प्रती खुशाल जाऊ द्याव्यात. भांडण मिटलं असेल तर त्याची फाईल पोटमाळ्यावर ठेवून पुढच्या पिढीला वारशात देण्यात काहीच शहाणपण नाही. मात्र खरेदीखत, फेरफार, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला हे निराळं गाठोडं. तारीख आणि गाव असलेली आजीची पत्रंही त्यातच. मोडीतला कागद सापडला, तर तो रद्दीच्या तराजूत जाण्याआधी जाणकाराला दाखवावा. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचं प्रशिक्षण देतं, आणि पुण्यात १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ असे कागद सांभाळत आलं आहे.