धातू हॅलाइडांची वायुरूप जटिल संयुगे

धातूंची फ्लुओराइडे, क्लोराइडे, ब्रोमाइडे किंवा आयोडाइडे यांचे बाष्प होताना दोन किंवा अधिक रेणू एकत्र येऊन जे मोठे रेणू बनतात, त्यांना धातू हॅलाइडांची वायुरूप जटिल संयुगे म्हणतात. एकाच हॅलाइडाचे दोन रेणू जोडले गेल्यास द्विवारिक रेणू, तर भिन्न धातूंच्या हॅलाइडांचे रेणू जोडले गेल्यास मिश्र जटिल संयुग तयार होते. मिश्र संयुगांमुळे, एरवी अत्यल्प बाष्प देणारे हॅलाइडही तुलनेने कमी तापमानाला बाष्पात मोठ्या प्रमाणात उतरते. या गुणधर्मामुळे त्यांना औद्योगिक महत्त्व आहे.

रचना

ॲल्युमिनियम क्लोराइड हे याचे परिचित उदाहरण आहे. ते सुमारे १८० अंश सेल्सियसला संप्लवन पावते आणि त्याचे बाष्प मुख्यतः द्विवारिक असते. एकेरी रेणूत ॲल्युमिनियमभोवती फक्त सहा संयुजा इलेक्ट्रॉन असतात. शेजारच्या रेणूतील क्लोरीन अणू आपली एकाकी इलेक्ट्रॉन जोडी देऊन ही उणीव भरून काढतो. अशा रीतीने दोन क्लोरीन अणू दोन धातू अणूंमध्ये सेतू बनतात आणि प्रत्येक ॲल्युमिनियमभोवती चार क्लोरीन अणूंची चतुष्फलकीय मांडणी होते. सेतूतील बंधाची लांबी सुमारे २२५ पिकोमीटर, तर टोकाच्या बंधाची सुमारे २०६ पिकोमीटर असते.

दाब तोच ठेवून तापमान वाढवल्यास द्विवारिक रेणूंचे एकेरी रेणूंत विघटन होते. त्यासाठी एका मोल द्विवारिकामागे सुमारे १२५ किलोज्यूल ऊर्जा लागते. फेरिक क्लोराइडाच्या बाष्पातही असेच द्विवारिक आढळतात. सोडियम क्लोराइडाच्या बाष्पात एकेरी रेणूंबरोबर दोन सोडियम व दोन क्लोरीन अणूंचे चौकटीसारखे रेणू असतात.

मिश्र जटिल संयुगे

कोबाल्ट क्लोराइडाचा उत्कलनबिंदू १००० अंश सेल्सियसहून अधिक आहे. मात्र ॲल्युमिनियम क्लोराइडाच्या बाष्पाशी त्याचा संयोग होऊन एक कोबाल्ट, दोन ॲल्युमिनियम व आठ क्लोरीन अणूंचा रेणू बनतो आणि कोबाल्ट सुमारे ४०० अंशांनाही बाष्पात येतो. ही अभिक्रिया उष्णताशोषक असल्याने बंद नळीच्या उष्ण टोकाला जटिल संयुग बनते, तर थंड टोकाला त्याचे विघटन होऊन कोबाल्ट क्लोराइडाचे स्फटिक जमतात. या क्रियेला रासायनिक बाष्पवहन म्हणतात. निओडिमियमसारख्या विरल मृदा धातूंची क्लोराइडेही अशी संयुगे देतात. निरनिराळ्या धातूंच्या संयुगांचे स्थैर्य भिन्न असल्यामुळे हे धातू परस्परांपासून वेगळे करण्यासाठी ही पद्धत अभ्यासली गेली आहे.

अभ्यासाच्या पद्धती

१९व्या शतकात बाष्पघनता मोजून बाष्पातील रेणूंचा आकार ठरवला जात असे. १९३८ मध्ये ॲल्युमिनियम हॅलाइडांच्या द्विवारिकांची रचना इलेक्ट्रॉन विवर्तनाने अभ्यासली गेली. आज रामन वर्णपट आणि उच्च तापमानावरील वस्तुमान वर्णपटमिती यांचा वापर होतो. वस्तुमान वर्णपटमितीत आयनीकरणाच्या वेळी रेणूतून बहुधा एक हॅलोजन अणू निघून जातो. त्यामुळे मिळालेल्या आयनावरून मूळ रेणूचे अनुमान करावे लागते.

महत्त्व

धातू हॅलाइड दिव्यांत पाऱ्याबरोबर सोडियम व स्कँडियम यांची आयोडाइडे वापरतात. त्यांच्या मिश्र संयुगामुळे दोन्ही धातूंचे बाष्पातील प्रमाण वाढते. विद्युत प्रज्योतीच्या अतितप्त गाभ्यात या रेणूंचे विघटन होऊन मुक्त झालेले धातू अणू प्रकाश देतात आणि नळीच्या थंड भिंतीकडे येताना पुन्हा संयोग पावतात.

ॲल्युमिनियमच्या उत्पादनात मात्र हीच क्रिया अडचणीची ठरते. सुमारे ९६० अंश सेल्सियसच्या वितळलेल्या क्रायोलाइटवरील बाष्पात सोडियम टेट्राफ्लुओरोॲल्युमिनेट हे जटिल संयुग प्रमुख असते. त्यातून फ्लुओराइड वाया जाते. बाहेर सुटलेले फ्लुओराइड आसपासच्या वनस्पती व गुरे यांना अपायकारक असते. म्हणून भट्टीतील वायू कोरड्या ॲल्युमिनावरून नेऊन फ्लुओराइड शोषून घेतात आणि तोच ॲल्युमिना पुढे भट्टीत वापरतात.

हॅलाइडाच्या बाष्पाचे गणित करताना केवळ एकेरी रेणू गृहीत धरल्यास बाष्पातील धातूचे प्रमाण चुकीचे निघते. म्हणूनच दिव्यांची रचना आणि भट्टीतील फ्लुओराइडाचा हिशेब या दोन्हींसाठी बाष्पातील रेणूंचे खरे स्वरूप माहीत असावे लागते.