प्रचालक, हलक्या विमानाचा

एंजिनाच्या दंडाच्या फिरत्या शक्तीचे विमान पुढे नेणाऱ्या रेट्यात रूपांतर करणारा पंखा म्हणजे प्रचालक होय. त्याचे प्रत्येक पाते हा पीळ दिलेला एक लहान पंखच असून ते फिरताना हवा मागे लोटते व तिच्या प्रतिक्रियेने विमान पुढे जाते [⟶ विमान]. कारखान्यात तयार होणाऱ्या विमानाचा प्रचालक उत्पादकाने ठरवून दिलेला असतो. परंतु हौशी व्यक्तीने स्वतः बांधलेल्या हलक्या विमानासाठी ही निवड बांधणाऱ्यालाच करावी लागते. एंजिन उत्तम असूनही प्रचालक अयोग्य असेल, तर विमान धावपट्टी सोडल्यावर पुरेशा वेगाने उंची गाठू शकत नाही किंवा एंजिन मर्यादेबाहेर फिरून निकामी होते. म्हणून एंजिन, विमान व उड्डाणाचे स्थान या तिहींचा मेळ घालणे हे निवडीचे मुख्य सूत्र आहे.

व्यास व अंतराल : प्रचालक या दोन मापांनी ओळखला जातो. पात्यांच्या टोकांनी आखलेल्या वर्तुळाचा तो व्यास. घन पदार्थात शिरणाऱ्या मळसूत्राप्रमाणे प्रचालक एका फेऱ्यात जितका पुढे सरकेल, त्या अंतरास अंतराल म्हणतात. तुंब्यापासून टोकाकडे पात्याचा कोन कमी होत जातो, तो सर्व भागांचे अंतराल जवळजवळ सारखे राहावे म्हणून. १.६ मी. व्यास व १.१ मी. अंतराल असलेल्या प्रचालकात तीन-चतुर्थांश त्रिज्येवर हा कोन सु. १६° असतो.

मोठ्या व्यासाचा व संथ फिरणारा प्रचालक अधिक कार्यक्षम असतो. कारण थोड्या हवेला फार वेग देण्यापेक्षा पुष्कळ हवेला थोडा वेग देण्यात शक्ती कमी वाया जाते. राइट बंधूंच्या १९०३ सालच्या विमानाचे सु. २.६ मी. व्यासाचे दोन लाकडी प्रचालक एंजिनाशी साखळ्यांनी जोडलेले असून ते एंजिनाच्या सु. एक-तृतीयांश गतीने फिरत. तथापि व्यासाला दोन मर्यादा पडतात. पहिली जमिनीपासून टोकाच्या अंतराची. नाकाखाली चाक असलेल्या विमानात हे अंतर सामान्यतः किमान १८ सेंमी. व शेपटीखाली चाक असलेल्या विमानात २३ सेंमी. ठेवतात. दुसरी मर्यादा टोकाच्या वेगाची. हा वेग ध्वनीच्या वेगाजवळ गेला की, रेटा घटतो व आवाज अतिशय वाढतो. १.६ मी. व्यासाचा प्रचालक मिनिटाला २,७०० फेरे करताना टोकाचा वेग सु. २२६ मी./से. असतो व तो सुरक्षित मर्यादेत बसतो.

एंजिनाशी मेळ : मूळ विमानासाठी बनविलेली अनेक लहान एंजिने संथ गतीची असतात व प्रचालक थेट भुजादंडावर बसविता येतो. मोटारगाडीच्या किंवा दुचाकीच्या एंजिनाची गोष्ट वेगळी आहे. छत्रपती संभाजीनगरजवळील (पूर्वीचे औरंगाबाद) वाळूज औद्योगिक क्षेत्रात १९८५ पासून दुचाक्यांचे उत्पादन होत आहे. आधुनिक दुचाकीचे एंजिन आपली कमाल शक्ती मिनिटाला सु. ८,००० फेऱ्यांच्या आसपास देते. त्याच्या दंडावर १.५ मी. व्यासाचा प्रचालक थेट बसविला, तर टोकाचा वेग ६२८ मी./से. म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या सु. १.८ पट होईल. व्यास लहान केला, तर रेटा अपुरा पडेल. म्हणून अशा एंजिनाला दंतचक्रांची किंवा पट्ट्याची गतिन्यूनक यंत्रणा जोडावी लागते. रोटॅक्स ९१२ मालिकेतील १०० अश्वशक्तीच्या एंजिनात ही यंत्रणा मुळातच असते. एंजिनाचे ५,८०० फेरे २.४३ : १ या प्रमाणाने प्रचालकापर्यंत सु. २,३९० होतात.

अंतरालाचा पहिला अंदाज इष्ट वेगावरून काढतात. ताशी १५० किमी. वेगाने जाताना प्रचालक मिनिटाला २,४०० फेरे करणार असेल, तर विमान दर फेऱ्यास १.०४ मी. पुढे जाते, अंतराल याहून काहीसे अधिक घेतात. अंतराल कमी असल्यास उड्डाण व चढण चांगली होते, पण समतल उड्डाणात एंजिन मर्यादेबाहेर फिरू लागते. ते जास्त असल्यास समतल उड्डाणात वेग मिळतो. मात्र उड्डाणाच्या वेळी एंजिन आवश्यक फेऱ्यांपर्यंत पोहोचत नाही व म्हणून पूर्ण शक्ती देत नाही. स्थिर अंतरालाचा प्रचालक ही नेहमीच तडजोड असते. आखूड धावपट्टीवरून उडणाऱ्याने चढणीला प्राधान्य द्यावे हे सुरक्षित होय. जमिनीवर कोन बदलता येणारा प्रचालक घेतल्यास चाचण्यांवरून अंतराल ठरविता येते.

समरूप प्रचालकांनी शोषलेली शक्ती फेऱ्यांच्या गतीच्या घनाच्या व व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात बदलते. व्यास केवळ ५ टक्के कमी केला, तरी त्याच गतीला शोषलेली शक्ती सु. २३ टक्क्यांनी घटते. यामुळे व्यासातील लहानशी चूकही महाग पडते.

स्थानाचा परिणाम : वाळूजचा परिसर समुद्रसपाटीपासून सु. ५७० मी. उंच पठारावर आहे. मे महिन्यात तापमान ४०° से. असताना तेथील हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाणित घनतेपेक्षा सु. १४ टक्के कमी होते. म्हणजे विमानाच्या दृष्टीने ते ठिकाण सु. १,५५० मी. उंचीवर असल्यासारखे होते. विरळ हवेत एंजिनाची शक्ती घटते, त्याचबरोबर प्रचालकाला होणारा रोधही घटतो. परिणामी फेरेमापकावर आकडा जवळजवळ नेहमीचाच दिसतो, पण रेटा कमी मिळतो. जमिनीवरून उठण्यासाठी लागणारा खरा वेगही सु. ८ टक्क्यांनी वाढतो. फेरेमापक ही धोक्याची सूचना देत नसल्यामुळे निवड हिवाळ्यातील सकाळच्या नव्हे, तर उन्हाळ्यातील दुपारच्या हवेवरून करावी लागते.

द्रव्य व पाती : बीच, मेपल, बर्च यांसारख्या लाकडांच्या फळ्या चिकटवून केलेला प्रचालक हलका असून तो कंपने चांगली शोषतो. मात्र पावसाळ्यात लाकूड दमट होऊन फुगते व कोरड्या ऋतूत आकसते. म्हणून तुंब्याचे बोल्ट वेळोवेळी तपासून ठरावीक परिबलाने आवळावे लागतात. ॲल्युमिनियम मिश्रधातूचा प्रचालक टिकाऊ असला, तरी भुजादंडाच्या पीळ कंपनांशी त्याचे अनुस्पंदन झाल्यास धातूला शिणवटा येऊन पाते तुटू शकते. यास्तव एका एंजिनासाठी संमत झालेला धातूचा प्रचालक दुसऱ्यास परस्पर लावू नये किंवा त्याची टोके कापू नयेत. दोन पात्यांचा प्रचालक साधा व कार्यक्षम असतो. व्यासाला जागा कमी असल्यास तीन पाती घेतात.

चाचणी : विमान घट्ट बांधून, चाकांना अडसर लावून व पात्यांच्या फिरण्याच्या पातळीत कोणालाही उभे न ठेवता एंजिन पूर्ण शक्तीवर चालवितात. विमान उभे असताना स्थिर अंतरालाच्या प्रचालकाचे फेरे कमाल फेऱ्यांपेक्षा सामान्यतः १० ते १५ टक्के कमी असावेत. त्यानंतर चढणीत व समतल उड्डाणात फेरे नोंदवून अंतराल कमीजास्त करतात.

भारतातील उदाहरणे : १९५८ मध्ये प्रथम उडालेल्या व पुढे उड्डाण मंडळांत प्रशिक्षणासाठी वापरलेल्या ‘पुष्पक’ या विमानात ९० अश्वशक्तीचे एंजिन २,४७५ फेऱ्यांना थेट प्रचालक फिरवी. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या ‘हंसा–३’ मध्ये गतिन्यूनक असलेले रोटॅक्स ९१४ एंजिन व उड्डाणात अंतराल बदलता येणारा प्रचालक आहे. महाराष्ट्रात वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईतील कांदिवली येथे राहत्या इमारतीच्या गच्चीवर टीएसी–००३ हे सहा आसनी विमान बांधले. ते २०१६ मध्ये मुंबईत प्रदर्शित झाले, २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली व २०२० मध्ये धुळे येथे त्याच्या उड्डाण चाचण्या झाल्या. अशा विमानाला नोंदणीनंतरही उड्डाणाचा स्वतंत्र परवाना लागतो.