गवंड्याची सनद

मार्च १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईची जी उपनगरे आखली, त्यांपैकी पांडवकड्याच्या पायथ्याचे खारघर हे एका पिढीच्या अवधीत गावठाणे आणि भातखाचरे यांच्यामधून बहुमजली इमारतींचे नगर होऊन बसले. या इमारतींचे नकाशे, मंजुऱ्या आणि खरेदीखते दप्तरी जपलेली असतात. वास्तुविशारदाची नोंदणी असते, अभियंत्याला पदवी असते, लिफ्टलासुद्धा परवाना लागतो. परंतु ज्या हातांनी सळया वाकवल्या, सेंटरिंग ठोकले आणि भिंती ओळंब्यात आणल्या, त्यांच्या कसबाचा लेखी पुरावा बहुधा कोठेच नसतो. नाक्यावर उभ्या असलेल्या कारागिराची पारख मुकादमाच्या नजरेने होते, आणि मुकादम बदलला की त्या कारागिराची वीस वर्षांची कमाई पुन्हा शून्यापासून मोजली जाते.

जुन्या गावगाड्यात हे चालून जाई. गवंडी कोण, त्याचा बाप कोण, हे साऱ्या गावाला ठाऊक असे, आणि दगडमातीच्या भिंतीतला दोष एखाद्या पावसाळ्यात उघडा पडे. लोखंड-काँक्रीटच्या बांधकामात मात्र चूक त्याच दिवशी काँक्रीटखाली गाडली जाते आणि वर्षानुवर्षे दृष्टीआड राहते. समुद्रकिनाऱ्याच्या हवेला उघड्या असलेल्या काँक्रीटमध्ये सळईवर किमान ४५ मिलिमीटर आवरण असावे, असे भारतीय मानक ४५६ सांगते. खाडीवरून खारा वारा येणाऱ्या या भागात कव्हर ब्लॉक बसवण्याचा आळस झाला, तर क्षार सळईपर्यंत लौकर पोहोचतात, लोखंड गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटू लागतात. भूकंपाचा विचार करून बांधावयाच्या खांबातील रिंगांचे आकडे १३५ अंशांत आत वळवलेले असावे लागतात, कारण ९० अंशांवर सोडलेला आकडा हादऱ्यात उघडतो. साध्या सिमेंटच्या काँक्रीटवरही किमान सात दिवस पाणी मारावे लागते. या गोष्टी का करावयाच्या, हे ज्याला कोणी सांगितलेच नाही, त्याने त्या टाळल्या तर एकट्या त्यालाच दोष कसा द्यावा?

प्रमाणित परीक्षेचे मोल येथे कळते. आराखडा हाती देऊन सळया कापावयास व वाकवावयास लावावे आणि मापे ठरलेल्या मर्यादेत बसतात की नाही हे त्रयस्थाने तपासावे, म्हणजे खारघरला दिलेला दाखला नागपुरातही त्याच अर्थाने वाचला जातो. केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून आयटीआयमधून चालू आहे आणि शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. पण शाळा अर्धवट सुटलेला, कामावरच काम शिकलेला मजूर या दोन्हींच्या बाहेरच राहिला. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा अधिसूचित झाला, आणि २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अनुभवाने मिळवलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन त्याला मान्यता देण्याची तजवीज झाली. खुद्द पनवेलला लार्सन अँड टुब्रोची बांधकाम-कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे.

पुष्कळांचा येथे एक घोटाळा होतो. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यातून आलेल्या कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करण्यासाठी मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. त्या कागदावर मजुराच्या मुलांची शिष्यवृत्ती आणि अपघाताचे साहाय्य अवलंबून असल्याने तो मोलाचाच आहे, परंतु मनुष्य बांधकामावर होता एवढेच त्यावरून सिद्ध होते, तो गिलावा सरळ करतो की नाही, हे नव्हे.

कसबाच्या दाखल्यालाही निष्काळजीपणाची कीड लागू शकते. जो शिकवतो तोच परीक्षक झाला आणि उत्तीर्णांच्या संख्येवर अनुदान ठरू लागले, तर प्रमाणपत्रे मुबलक आणि कारागीर दुर्मीळ होतात. २०१८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेने प्रमाणपत्र देणाऱ्या आणि मूल्यमापन करणाऱ्या संस्थांना वेगवेगळी मान्यता देण्याची पद्धत ठेवली, ती याच कारणाने योग्य होय.

परदेशी जाणाऱ्याला तर दाखल्यावाचून गत्यंतर नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. तेथील मालकाला आपल्या मुकादमाची साक्ष काय उपयोगाची? घरच्या घरी मात्र दाखला मिळवूनही रोजंदारी तीच राहत असेल, तर हातातली मजुरी बुडवून परीक्षेला बसण्याचे कारण कारागिराला उरत नाही. म्हणून या कामी पहिले पाऊल सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने, म्हणजे सरकारने आणि सिडकोसारख्या मंडळांनी, टाकले पाहिजे: निविदेतच प्रमाणित कारागिरांचे किमान प्रमाण आणि त्यांचा वाढीव दर लिहावा, आणि मक्तेदाराचे बिल मंजूर करताना हजेरीपटावर तो पडताळून पाहावा. हजेरीपटात दाखल्याची किंमत रुपयांत दिसू लागली, की परीक्षा घेणाऱ्यांना उमेदवार शोधत नाक्यावर जावे लागणार नाही.